चौथ्या मजल्याच्या तक्रारी

सगळी इमारत त्यांना ताई म्हणायची. तळमजल्यावरची शिंपीण म्हणायची, पाण्याचा पंप चालू-बंद करणारा म्हणायचा, वयानं त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी थोरले असलेले अध्यक्षसुद्धा म्हणायचे. म्हणायचा खरा हक्क जिचा होता ती चौथ्या मजल्यावर राहायची, आणि ती एकटीच गेली नऊ वर्षं म्हणत नव्हती.

ताई सोसायटीच्या सेक्रेटरी. वीस घरांची, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत. सेक्रेटरीपद गळ्यात कसं पडलं म्हणाल, तर सगळीकडे पडतं तसंच. सभेत सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि खाली बघायला ज्यांना उशीर झाला त्या ताई. पण पडलं ते पडलं. ताईंनी ते झटकलं नाही. नोकरीची तेहेतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात काढली होती. कानाला यंत्र लावून बसायचं. पलीकडचा माणूस खवळलेला. त्याला बोलू द्यायचं, बोलू द्यायचं, आणि तो दम खायला थांबला की शांतपणे विचारायचं, "कधीपासून बंद आहे?" एवढं विचारलं की माणूस अर्धा निवतो. ताईंचं सगळं शिक्षण एवढंच, पण ते पक्कं होतं.

त्यामुळे सेक्रेटरी झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाड पुठ्ठ्याची तक्रारवही आणली आणि पट्टी घेऊन पाच रकाने आखले. क्रमांक, तारीख, तक्रार, कारवाई, सही. जिन्यात गाठून, भाजीची पिशवी हातात असताना केलेली तक्रार धरली जाणार नाही. वहीत लिहायचं. काम झालं की तक्रार करणाऱ्यानंच शेवटच्या रकान्यात सही करायची. सही झाली तर तक्रार मिटली, नाही तोवर ती उघडी. मग सेक्रेटरी काहीही म्हणो. आणि पहिल्या पानावर, थेट खात्यातून उचलून आणलेलं एक वाक्य: "पंधरा दिवसांत काम न झाल्यास तक्रारदाराने स्मरणपत्र द्यावे."

वही असायची जिन्याखालच्या खोलीच्या खिडकीत, सुतळीनं बांधलेल्या पेनासकट. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, सोसायटीचा फोन आणि कोणीच न नेलेलं एक गंजकं सायकलचं चाक. खिडकी इतकी खाली की आत बसल्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. ताई इमारतीतल्या माणसांना पायांवरून ओळखायला शिकल्या होत्या.

लोक आधी हसले, मग हळूहळू लिहायला लागले, आणि लिहायला लागल्यावर त्यांना थांबवणं अवघड झालं. शिंपिणीनं एकदा लिहिलं होतं, "दुसऱ्या मजल्यावरचा पोपट पहाटे पाचला हुबेहूब माझ्या नवऱ्याच्या आवाजात मला हाक मारतो. मी उठून बसते. नवरा झोपलेलाच असतो." ताईंनी कारवाईच्या रकान्यात लिहिलं, "पोपटाला आतल्या खोलीत ठेवण्यास सांगितले. नवऱ्याला उठवणे सेक्रेटरीच्या अखत्यारीत नाही." शिंपिणीनं सही केली आणि ते पान सगळ्या इमारतीनं येऊन वाचलं.

गळका नळ, जिन्यातला दिवा, दारापुढे ठेवलेल्या चपलांचा ढीग. कसलीही तक्रार असो, ताईंच्या हाताखालून तीन दिवसांत निघायची. प्लंबर म्हणायचा, "बाई, तुमचा फोन आला की मी जेवत असलो तरी उठतो. न उठून सांगतो कोणाला!"

फक्त चौथ्या मजल्याच्या तक्रारी तीन दिवसांत निघत नसत. महिना लागायचा, कधी दीड, काही तर उघड्याच राहायच्या.

चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली, ताईंची धाकटी बहीण राहायची. घरं घेतानाच दोघींनी एका इमारतीत घेतली होती. वरून हाक मारली की खाली ऐकू जावी, एवढंच बघून. आई ताईंकडे, दुसऱ्या मजल्यावर. सकाळचा चहा खाली, संध्याकाळचा वर. नवऱ्यांनी थट्टा करून करून शेवटी नाद सोडला.

मग नऊ वर्षांपूर्वी धाकटी लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेली, आणि ती तिकडे असतानाच आई खालावली. एका मंगळवारी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, कळवायचं असेल त्यांना कळवून टाका. ताईंनी फोन उचलला. चार आकडे फिरवले आणि रिसीव्हर खाली ठेवला. भाचीला त्याच दिवशीची तारीख दिली होती. आधी मूल होऊ दे, पोरीला सुखरूप सुटू दे, मग संध्याकाळी सांगू; आई संध्याकाळपर्यंत कुठे जात नाही. आई चारला गेली. ताईंनी साडेपाचला फोन केला.

धाकटी आली ती दुसऱ्या दिवशी. रडली नाही. सगळे पांगल्यावर तिनं दोनच प्रश्न विचारले.

"डॉक्टरांनी किती वाजता सांगितलं?"

"दहाला."

"आणि मला फोन किती वाजता आला?"

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"जन्मभर जगाचे बंद पडलेले फोन चालू करून दिलेस," धाकटी म्हणाली, "आणि चालू फोन होता तो..." वाक्य पुरं न करताच ती वर निघून गेली. त्या दिवसापासून तिच्या तोंडाला ताईंपुरतं कुलूप लागलं. जिन्यात समोर आली तर कठड्याकडे सरकून वाट द्यायची. चांगल्या रीतीनं द्यायची, तेच जास्त लागायचं.

दोन वर्षं अशी गेली. मग तक्रारवही आली, आणि वही आल्यानंतर चार महिन्यांनी, दुपारी ताई घरी पाठ टेकायला गेलेल्या असताना, खिडकीतल्या वहीत एक नोंद पडली. "गच्चीचा दरवाजा वाऱ्याने आपटतो. घरात बसवत नाही." खाली चौथ्या मजल्याचा घर क्रमांक.

ताईंनी ते वाचलं आणि खुर्ची ओढून खाली बसल्या. हे अक्षर त्यांनीच घटवून घेतलं होतं. हाताला हात धरून, पाटीवर. 'घ'चं पोट तसंच, थोडं सुटलेलं. दोन वर्षांत बहिणीकडून आलेले हे पहिले शब्द. घरात बसवत नाही. म्हणजे काय, घरात बसून असते का दिवसभर? पाय दुखतो का? आवाजानं दचकते का? लहानपणी दचकायची. सुतार दुसऱ्याच दिवशी आला. "बिजागरी गेलीय," म्हणाला. "नवी टाकतो, दहा मिनिटांचं काम."

आणि ताई, ज्यांच्या फोनवर प्लंबर जेवणावरून उठायचा त्या ताई म्हणाल्या, "सध्या लाकडाचा गुटका ठोक. बघू पुढे."

का म्हणाल्या, ते त्यांना तेव्हा धड कळलंही नसेल. सतराव्या दिवशी कळलं. वहीत स्मरणपत्र आलं, या वेळी तीन ओळींचं. "गुटका निसटला. दरवाजा पुन्हा आपटतो. काम नीट करवून घेण्याची या सोसायटीत पद्धत आहे असे ऐकले होते." ताई वाचून चक्क हसल्या. टोमणा! तिचा अस्सल टोमणा, नाकाच्या शेंड्यावरून मारलेला. दिवसभर तो त्यांनी जिभेवर घोळवला.

तेव्हापासून तसंच चाललं. टाकीच्या झाकणाचा आवाज, तिसऱ्या-चौथ्या मजल्यामधल्या जिन्यातला दिवा, भिंतीतली ओल. धाकटी लिहायची, ताई निम्मं काम करून सोडायच्या, धाकटी पुन्हा लिहायची. गच्चीच्या दरवाज्यावरच एकूण नऊ स्मरणपत्रं आली. एकदा तिनं लिहिलं, "स्वतः येऊन बघावे." त्या तीन शब्दांवर ताईंनी आठवडा काढला. शेवटी दुखरा गुडघा धरत चौथ्या मजल्यावर गेल्यासुद्धा. दाराआड रेडिओ लागला होता. आत ती चालत होती, स्लिपर ओढत, आईसारखी. हे कधी सुरू झालं? ताई दारावर हात न टाकता उभ्या राहिल्या आणि आल्या तशा उतरल्या. कारवाईच्या रकान्यात लिहिलं, "पाहणी केली."

असलं लपून राहत नाही. लोकांना दिसतं, फक्त उलटं दिसतं.

अध्यक्षांना इमारतीत फौजदार म्हणत. पोलिसाशी त्यांचा आयुष्यात संबंध आला नव्हता. जमिनी मोजण्याच्या खात्यात होते, पण मिशी आणि आवाज फौजदाराचा. मोजायची सवय निवृत्तीनंतरही जाईना. या वर्षीच्या सभेत ते वही घेऊन उभे राहिले.

"मी सरासरी काढली," ते म्हणाले. "सगळ्या घरांच्या मिटलेल्या तक्रारी, तीन दिवस. चौथ्या मजल्यावरचं एक घर, एक्केचाळीस दिवस! आजच्या तारखेला त्या घराच्या सात तक्रारी उघड्या. ताई, तुमच्या कामाला नावं ठेवणारा मी नाही. पण सख्ख्या बहिणीवर इतका दात?"

गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. शेवटच्या रांगेत धाकटी बसली होती. सगळ्या माना मागे वळल्या, मग पुढे.

ताई उठल्या. काय सांगणार? राग नाही हो, उलटं आहे, हे वीस घरांपुढे कोणत्या तोंडानं सांगायचं? "चूक झाली," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

"चूक!" शिंपीण शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "माझ्या पोपटाला दोन दिवसांत न्याय आणि बहिणीला नाही."

"पोपट तुमचा कधी झाला?" पोपटाची मालकीण मागून म्हणाली.

हशा ओसरायच्या आत धाकटी उभी राहिली. ताईंकडे न बघता, फौजदारांकडे बघून बोलली. "एक विचारायचं होतं. मी घर विकलंय. लेकीकडे जातेय राहायला, कायमची. घेणाऱ्याला सोसायटीचं ना-हरकत पत्र पाहिजे. या महिन्याच्या आत."

फौजदारांनी मिशी ओढली. "पत्राला अडचण नाही. फक्त नियम असा आहे की उघड्या तक्रारी मिटवून सह्या झाल्याशिवाय कोणाला पत्र देता येत नाही. मागं एक जण ओल ठेवून गेला, नव्या मालकानं आपल्याला कोर्टाची भीती घातली. तेव्हा हा नियम..." ते थांबले. "ताईंनीच केला."

त्यानंतरचे दोन दिवस ताईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. खोलीत बसून राहिल्या. खिडकीतून पाय येत-जात होते. सात तक्रारी. सुताराला बोलावलंच नाही तर? ओलीचं काम करणारा गावाला गेलाय म्हटलं तर? महिना सहज सरतो. घेणारा कंटाळतो, दुसरं घर बघतो. मग धाकटी इथेच, आणि पंधरा दिवसांनी वहीत पुन्हा ते पोट सुटलेलं अक्षर. काही वाईट करायचं नव्हतं. फक्त काही न करता बसायचं होतं. आणि असंच एकदा आपण काही न करता बसलो होतो, सकाळी दहापासून, हे त्यांना तिसऱ्या दिवशी सकाळी आठवलं. म्हणजे विसरल्या कधीच नव्हत्या, पण त्या सकाळी ते समोर येऊन बसलं. तसंच, सगळ्यांच्या भल्यासाठी.

त्यांनी फोन उचलला आणि सगळे आकडे फिरवले. सुतार, प्लंबर, ओलीचं काम करणारा, वीजवाला. चार दिवसांत सातही कामं झाली.

रविवारी सकाळी दहाला धाकटी पाहणीला आली. फौजदार येणार होते. ऐन वेळी निरोप आला की कंबर धरली आहे, दोघींनीच उरकावं. शिंपिणीचं म्हणणं, आदल्या संध्याकाळी ते तिच्या दुकानासमोर चांगले तरातरा चालत होते.

दोघी जिना चढायला लागल्या. वही ताईंच्या काखेत. धाकटी एक पायरी पुढे. प्रत्येक वळणावर ती थांबायची, भिंतीकडे बघत, ताईंचा गुडघा येईपर्यंत, मग पुढे.

"हा दिवा बदलला," ताई म्हणाल्या.

"दिसतंय."

"ओलीचं प्लास्टर नवं आहे. रंग ते सुकल्यावर."

"हं."

नऊ वर्षांनंतर बोलायला मिळालं आणि विषय प्लास्टर. तरी ताईंना ते 'हं' कानात साठवून ठेवावंसं वाटलं.

गच्चीचा दरवाजा. धाकटीनं तो पूर्ण उघडला आणि सोडला. दरवाजा आला आणि अलगद टेकला. तिनं पुन्हा उघडला, सोडला. तिसऱ्यांदा.

"एका बिजागरीचं काम होतं."

"हो."

"तुला माहीत होतं?"

'तुला'. ताईंनी काखेतली वही छातीशी धरली. "पहिल्या दिवसापासून."

"मग सात वर्षं गुटके कसले ठोकत होतीस?"

"दरवाजा नीट झाला असता तर तू लिहिलं नसतंस."

धाकटीनं दरवाज्यातून बाहेर बघितलं. समोरच्या इमारतीवर कोणीतरी सतरंजी झटकत होतं. फटका आधी दिसायचा, आवाज मागून यायचा.

"पाना आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या घरात पण आहे," ती म्हणाली. "ह्यांनी ठेवलेला. बिजागरी मला बसवता येते." आणि पायऱ्या उतरायला लागली.

खाली खोलीत धाकटीनं खुर्ची ओढली. या खोलीत ती कधी आत आलेली नव्हती. सायकलच्या चाकाकडे बघून म्हणाली, "हे कोणाचं?"

"देव जाणे. तक्रार कोणी केली नाही, म्हणून राहिलंय."

धाकटीच्या ओठांचा एक कोपरा हलला. तिनं वही पुढे ओढली आणि सह्या करत गेली. एक, दोन. पानं उलटताना स्वतःचं जुनं लिहिलेलं वाचत होती. सातही सह्या झाल्या. ताईंनी ना-हरकत पत्र आधीच टाइप करून फाइलमध्ये ठेवलं होतं. त्यांनी फाइल उघडली.

"थांब. एक लिहायची राहिलीय."

सुतळीनं बांधलेलं पेन घेऊन धाकटीनं नव्या ओळीवर क्रमांक टाकला. तारखेच्या रकान्यात आजची नाही, नऊ वर्षांपूर्वीची, त्या मंगळवारची तारीख टाकली. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, "आई जात असताना मला कळवले नाही." आणि वही फिरवून ताईंसमोर ठेवली.

कारवाईचा रकाना कोरा होता. तेहेतीस वर्षं आणि वर ही सात, एकही तक्रार ताईंनी उत्तराशिवाय ठेवली नव्हती. त्यांना भाची आठवली, मूल आठवलं, तारीख आठवली. सगळी कारणं रांगेत येऊन उभी राहिली, इतकी वर्षं पाठ केलेली. त्यातलं एकही त्यांनी लिहिलं नाही. लिहिलं, "तक्रार खरी आहे." पेन खाली ठेवलं, आणि वहीकडेच बघत बोलल्या, "आईनं तुला हाक मारली होती. दोनदा. दुपारी."

"मग?" धाकटीनं विचारलं.

"मी सांगितलं, निघालीय. वाटेत आहे."

"आणि ती?"

"म्हणाली, जिन्यातला दिवा लावून ठेव. ती घाबरते अंधाराला."

खिडकीतून कोणाचे तरी पाय गेले. लगबगीनं गेले, परत आले, थांबले, पुन्हा गेले. शिंपिणीचेच. धाकटीनं डोळे पुसायची घाई केली नाही. पुसून झाल्यावर पेन उचललं, सहीच्या रकान्यावर आणलं. ताई त्या पेनाच्या टोकाकडे बघत होत्या. टोक कागदापासून बोटभर अंतरावर थांबलं. मग धाकटीनं टोपण लावलं.

"ही उघडी राहू दे."

"मग पत्र देता येत नाही," ताई म्हणाल्या. सवयीनं तोंडातून गेलं. "नियम आहे."

"कोणी केला?"

ताईंनी फाइलमधलं पत्र काढलं, सही केली, शिक्का मारला आणि दिलं.

धाकटी दारापर्यंत गेली. तिथून वळली. "गुडघ्याला बघ काहीतरी," म्हणाली. "तिसऱ्या वळणावर फार वेळ लागतो तुला, ताई."

सामानाचा टेंपो पुढच्या गुरुवारी आला. ताई खोलीत बसून होत्या. खिडकीतून कपाटाचे पाय गेले, पलंगाचे गेले, हमालांचे गेले. सगळ्यात शेवटी स्लिपर ओढत दोन पाय आले, खिडकीसमोर क्षणभर थांबले. ताई उठून बाहेर येईपर्यंत टेंपो फाटकाशी वळला होता.

नवे लोक राहायला आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं की गच्चीचा दरवाजा जरा करकरतो. ताईंनी त्याच दिवशी तेल घालून घेतलं. फौजदारांनी नवी सरासरी काढली आणि सगळ्यांना सांगत सुटले, ताई सुधारल्या. चौथ्या मजल्याची ओळ निघाली की त्यांचं बोट त्या एका उघड्या तक्रारीपाशी अडायचं. मग ते मिशी ओढायचे, आणि ती हिशेबात न धरता पुढे जायचे.

वही खिडकीतच असते. ताई दुपारी आता पाठ टेकायला जात नाहीत, खोलीतच बसतात. पहिल्या पानावरचं स्मरणपत्राचं वाक्य त्यांना पाठ आहे, त्यांनीच लिहिलेलं. पंधरा दिवस गुरुवारपासून मोजायचे की रविवारपासून, यावर त्यांनी पुष्कळ विचार केला आणि रविवारपासून मोजले. पंधरावा दिवस गेला. सोळावाही. सतराव्या दिवशी दुपारी जिन्यात कोणाचे पाय नव्हते, पोपटही गप्प होता. ताईंनी हात लांब करून फोन जवळ ओढला आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला, खात्यात लावायच्या तसा.

फोन चालू होता. त्यांनी तो हळूच, नीट बसेल असा, जागेवर ठेवला.